बीजेचं पाणी

खारीगाव, भाईंदर पूर्व
२० एप्रिल २०२५, रविवार

लाडक्या क्षितूच्या गार गालांवरून खारीच्या आजीचा ऊन ऊन हात,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने ते दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणलं आणि मी बोट ठेवून ठेवून तीनदा वाचलं. मग तुझ्या आजोबांना वाचून दाखवलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाचता येतं, पण म्हणाले चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता. मी सांगितलं नाही, मला वाचायला मिळावं म्हणून.

माझं उत्तर मी हाताने लिहिणार आणि तुझी आई फोनवर त्याचा फोटो काढून तुला धाडणार, असं ठरलंय. मी चौथी शिकलेली. कागदावर हाय-न्हाय लिहायचं नाही असं बाईंनी छडी हातात घेऊन शिकवलं, म्हणून आहे-नाही लिहिते. तू वाचताना माझ्या आवाजात वाच.

सगळ्या गावाला कळलंय की दशरथ मुकादमाची नात अंटार्क्टिकाला बर्फात राहते. गिरणीवाला गुजरातीभाई मला म्हणाला, "माजी, वहाँ फ्रिज तो लगता नहीं होगा." मी म्हटलं, "लगता है, गरम रखने के लिए." त्याला पटलं बघ. परवा तर तो दुसऱ्या कोणाला तेच सांगत होता.

तू लिहिलंस, बर्फात खोल भोक पाडून उसासारख्या कांड्या काढता आणि त्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे असतात. मला खरं वाटेना. आजोबा म्हणाले, त्यात काय, मिठाचा मोठा खडा फोडला की आत ओलं निघतं, तो खडा धरला त्या दिवसाचं पाणी असतं ते. चाळीस वर्षं मिठागरावर घातली आणि हे मला आज सांगतात.

इथे घामाने जीव जातो आहे. बेव्हर्ली पार्कला तुझ्या बाबांच्या घरी एसी आहे, पण तिथे मला झोप लागत नाही. नाक गार पडतं. तू कशी राहतेस, बाई. महिनाभराने सूर्यच उगवणार नाही म्हणतेस, मग उठता कशावर? कोंबडा तरी न्यायचा.

पायमोजे दोन-दोन घाल.

तुझी आनंदाने फुगलेली
गिरिजा आजी

*

अंटार्क्टिका
११ मे २०२५

आजी आणि आजोबा,

आजोबांचं मिठाच्या खड्याचं मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. आमचे सर घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, ह्या माणसाला इथे आणायला हवं होतं.

आजी, तुला वाटेल, जुना बर्फ बघून काय मिळतं. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी साधारण आत्ताएवढीच तापली होती. तेव्हा इथला बर्फ वितळला आणि समुद्र दोन-तीन मजले चढला. तो किती लवकर चढला, आधी कुठला बर्फ गेला, हे कळलं तर पुढे काय होईल त्याचा अंदाज येतो. आमच्या कांड्या एवढ्या जुन्या नाहीत, काही हजार वर्षांच्या आहेत. पण प्रत्येक तुकडा उपयोगाचा असतो.

आता आजोबांसाठी काम. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायच्या लाकडी झडपेच्या खांबावर तुम्ही १९८८ पासून दर श्रावणात मोठ्या भरतीची डांबराची खूण करताय. सदतीस खुणा. सर म्हणाले, बर्फ वितळून समुद्र चढतो हे आपण इथे मोजतो, आणि हा माणूस तिकडे एका खांबावर मोजतोय. माझ्या अहवालात मला त्या खुणा घ्यायच्या आहेत. या वर्षीची केलीत की फोटो पाठवा, सोबत पट्टी धरून.

वादळात आमची फोनची सोय गेली आहे, लिहिलेलं तेवढं जातं-येतं. नोव्हेंबरपर्यंत विमान नाही, जहाज नाही. जनरेटर बघणाऱ्या रोशनचे वडील मागच्या महिन्यात गेले. त्याला जाता येत नव्हतं. आम्ही तेवीस जण त्याच्याभोवती नुसते बसलो, काय करायचं ते कोणालाच सुचेना. तो अजून नीट जेवत नाही. अंधार सुरू झालाय, त्यात असं एकटं पडलेलं माणूस बघवत नाही.

तुमची
क्षितू

*

खारीगाव
८ जून २०२५

क्षितू बाळा,

रोशनच्या वडिलांसाठी देवापुढे दिवा लावला. आपल्याकडे कोणी गेलं की घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. तो आवडला नाही तरी खावा लागतो, कारण आणणारी बाई समोर बसून राहते. तुमच्यात कोणी त्याला करून वाढला का? नसेल तर अजून वाढा. उशीर झाला तरी चालतो.

आजोबा खांबाच्या कामाने दहा वर्षांनी लहान झालेत. मिठागर बंद पडून किती वर्षं झाली, बांधावर तिवरांची झाडं माजलीत, तरी काठी घेऊन खांब बघून आले. येताना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, छातीत थोडं पाणी झालंय. हे डॉक्टरलाच समजावतात, "मिठागराचा मानूस हाय मी. पानी आत घेतलं तं सोडायचं कसं त्या मना ठावं हाय." डॉक्टरने मीठ बंद केलंय. मुकादमाच्या ताटात अळणी भात. ते ताटाकडे असं बघतात की मला हसू येतं आणि मग येत नाही.

तुला निरोप दिलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते, बाईंनी छडी मारली तरी चालेल: "पोरीला सांग, पानी खोटं बोलत न्हाय. मानूस बोलतो. खांबावरची खून मी करीन, तू फक्त लिव."

बाकी मजेत. आंब्याचं लोणचं घातलं, तुझी बरणी वेगळी ठेवली.

तुझी आजी

*

खारीगाव
१९ जुलै २०२५

मंदे,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि पाय प्लास्टरमध्ये, म्हणून लिहून शेजारच्या लोकेशच्या हाती चेण्याला पाठवते. नातीकडून, समिधाकडून वाचून घे.

हे ४ तारखेला गेले ते तुला कळलंच आहे. दवाखान्यात पाच दिवस होते. तेरावं झालं. लोक येऊन गेले. आता घर एवढं मोठं कसं झालं ते कळत नाही. दोनच तर खोल्या.

बहीण म्हणून तुला वेगळंच सांगायचंय. क्षितूला आम्ही कळवलेलं नाही. गुणवंत म्हणत होता, "आई, माझी मुलगी आहे, मी लिहितो." फोन हातात घेऊन बसला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, लिहून काय करणार? तिला येता येत नाही. तिथे बाहेर दिवस उगवत नाही. एक पोरगा असाच बसून राहिलाय म्हणून तिनेच लिहिलं होतं. मंदे, तिला तिथे पिठलं-भात कोण आणून देणार? कोण समोर बसून खायला लावणार? नोव्हेंबरात विमान सुरू होऊन ती आली की दारातच जवळ घेईन आणि सांगेन. चार महिने मी एकटी धरून ठेवते. मला जमेल.

सून नीलम रडत रडत हो म्हणाली. गुणवंत माझ्याशी बोलत नाही.

एकच अडचण आहे. श्रावणात त्या खांबावर खूण करायची आहे. पोर त्याचा अहवाल लिहिणार आहे. खूण झाली नाही तर तिला कळेल. म्हणून मीच जाऊन करणार. डांबराचा डबा कुठे असतो ते मला माहीत आहे. माझ्या नवऱ्याचं शेवटचं काम आहे, ते अडायला नको.

पाय उशीवर ठेव.

गिरिजा

*

चेणे
२४ जुलै २०२५

गिरजे,

समिधा लिवतेय, मी सांगतेय. भावोजींना शेवटचं बघता आलं न्हाय, त्या पायाला मी रोज शिव्या घालते.

तू पोरीवर माया करतेस त्या मना कळतं. पन तू तिचं रडनं चोरतेस. ज्याचं त्याला रडू द्यावं. आईच्या वेळी मना दोन दिवसांनी कळवलं व्हतं तुम्ही, मी गरोदर म्हनून. चाळीस वर्सं झाली, मी अजून ते इसरली न्हाय. तुला कधी बोलले न्हाय, आज बोलते.

आनि खांबाला हात लावू नको. त्या तुझं काम न्हाय.

मंदा

*

खारीगाव
१० ऑगस्ट २०२५

माझ्या बर्फातल्या साळुंकीला,

काल नारळी पुनव झाली. आमची खूण पण झाली. फोटो पाठवते, पट्टी धरलेला हात तुझ्या आईचा.

सकाळी ओल्या नारळाचा भात केला. मग आम्ही बांधावर गेलो. भरती दुपारी होती. चिखल असा की माझी चप्पल तिथेच राहिली, आता ती पण हजारो वर्षांनी कोणीतरी शास्त्रज्ञ काढेल. नारळ सोडला, पाणी चढेस्तोवर थांबलो, थांबलं तिथे डांबर लावलं. आजोबांनीच लावलं. फोटोत ते नाहीत कारण ऊन लागलं म्हणून तिवराच्या सावलीत बसले होते. तुझ्या मागच्या पत्रातल्या विनोदावर फार हसले. तुला आशीर्वाद सांगितलाय. तब्येत बरी आहे, मीठ बंदच आहे.

तुझी आई तिथे थोडी रडली. डोळ्यात काहीतरी गेलं.

चिंबोऱ्या या वर्षी आणल्या नाहीत अजून, खेकड्यांचं कालवण राहिलंय. दर वर्षी पुनवेनंतर हे घेऊन येतात, तुझी वाट बघत असतील म्हणून राहिलं असेल.

तुझी आजी

*

अंटार्क्टिका
१७ ऑगस्ट २०२५

आजी,

फोटो मिळाला. चार वेळा मोजला. या वर्षीची खूण सगळ्यांत खाली आहे, १९८८ च्याही खाली. खुणा दर वर्षी थोड्या खालीवर होतात, पण सदतीस वर्षांत मिळून त्या अर्धी वीत चढल्या आहेत. अचानक एवढं खाली यायला नको. सर म्हणाले, लिहिण्याआधी घरी नीट विचार.

खूण नेमकी कोणत्या दिवशी केली? आजोबांना विचारून सांग. त्यांना म्हणावं दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा, त्यांचं अक्षर बघून खूप दिवस झाले.

क्षितिजा

*

खारीगाव
२० ऑगस्ट २०२५

क्षितू,

पुनवेलाच केली ग, नारळ सोडला त्याच भरतीला. इतकी वर्षं तसंच चाललंय. आजोबांना विचारलं, तेही तेच म्हणाले. त्यांचा हात थरथरतो म्हणून लिहीत नाहीत, रागावू नको.

पण पाणी खाली गेलं म्हणजे चांगलंच ना? मी तर सगळ्या आळीत सांगून आले. तू बर्फावर जाऊन बसलीस, त्याला धाक बसला आणि त्याने वितळणं थांबवलं. बिनधास्त लिही तुझ्या अहवालात की खारीच्या खाडीचं पाणी उतरलं. एवढी आनंदाची गोष्ट आणि सर खात्री कसली करतात?

तुझी आजी

*

अंटार्क्टिका
७ सप्टेंबर २०२५

आजी,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले.

आजोबा पुनवेला खूण कधीच करत नव्हते. मी सात वर्षांची असल्यापासून डांबराचा डबा धरायला जात होते. पुनवेला नारळ, आणि खूण दोन दिवसांनी, बीजेला. मोठ्या भरतीचं पाणी पुनवेनंतर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सगळ्यांत वर येतं. ते म्हणायचे, "पुनवेचं पानी पाव्हना, बीजेचं पानी मालक." घरी आम्ही सांगायचो की चिंबोऱ्या आणायला जातो, कारण मला भरतीला बांधावर नेतात हे कळलं असतं तर तू दोघांना घरात घेतलं नसतंस. म्हणून तुला माहीत नव्हतं.

आजोबांच्या हातून ही चूक झाली नसती. उन्हात बसून सुद्धा झाली नसती. अठरा दिवस मी दुसरं काही कारण सापडतं का बघत होते. भरतीची कोष्टकं काढली, पट्टी तिरकी धरली असेल का ते तपासलं. काल बाबांना एका ओळीत विचारलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: पाच दिवस दवाखान्यात होते, ४ जुलैला गेले.

मी रागावले आहे, हे पण लिहिते. ४ जुलैनंतर मी त्यांना दोन विनोद लिहिले. तू ते वाचलेस आणि ते हसले म्हणून कळवलंस. तेव्हा तू एकटी घरात होतीस.

रोशनला सांगितलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. कोठारात बेसन होतं, ते काढलं, पिठलं आणि भात केला आणि माझ्यासमोर बसून राहिला. तुझं जूनमधलं पत्र वाचून मी त्याला असंच वाढलं होतं. पिठलं करपलं होतं. मी सगळं खाल्लं.

बर्फात कधी कधी मधलाच एखादा थर सापडत नाही. त्या वर्षीचा बर्फ वाऱ्याने नेलेला असतो. तिथे आम्ही मनाने काही भरत नाही, तेवढी जागा मोकळी सोडतो. मी २०२५ समोर मोकळी जागा सोडली आहे. पाणी उतरलं असं लिहिलं असतं तर आजोबांच्या सदतीस खुणांवर कोणी विश्वास ठेवला नसता.

पाणी उतरलेलं नाही, आजी. तुला ती आनंदाची बातमी वाटली होती, पण नाही उतरलेलं.

आता मला सगळं सांग. त्या पाच दिवसांत काय झालं, कोण जवळ होतं, शेवटी त्यांनी काय खाल्लं. काही गाळू नको.

क्षितू

*

खारीगाव
१० सप्टेंबर २०२५

क्षितू,

तुझं पत्र तुझ्या बाबांनी आणलं. छापून नाही आणलं, समोर बसून वाचून दाखवलं. दोन महिन्यांनी तो माझ्याशी एवढं बोलला.

तुझी मंदा आजी मला म्हणाली होती, तू पोरीचं रडणं चोरतेस. मी ऐकलं नाही. मला वाटलं, आपण म्हातारी माणसं, चार महिन्यांचं ओझं ते काय. त्यांचं नाव घेऊन तुला लिहायला बसलं की खरंच वाटायचं, ते आत झोपलेत. तुझ्यासाठी लपवते म्हणत होते. थोडं माझ्यासाठी पण होतं. तुला ते जिवंत आहेत असं वाटतंय, तेवढ्या जागेत मी त्यांना ठेवलं होतं.

आणि बीजेचं मला खरंच ठाऊक नव्हतं बघ. सदतीस वर्षं पुनवेनंतर दोन दिवसांनी माझ्या घरी चिंबोऱ्या आल्या. सदतीस वर्षं मी त्या साफ करत म्हणत आले, तुमच्या नखांत हे काळं काय आहे. ते म्हणायचे, चिखल. मी खोबरं वाटायला घ्यायचे. तुम्ही दोघं चोर, आणि मी एक.

काल बीज होती. भादव्यातली, पितरांच्या पंधरवड्यातली. मी तुझ्या बाबांना म्हटलं, मला खांबापर्यंत ने. कोयता घेतला होता. माझी खोटी खूण खरवडून काढायची, एवढंच डोक्यात. भरतीच्या वेळी पोचलो. गुणवंतने हात धरून ठेवला. क्षितू, माझी खूण दिसेचना. वीतभर पाण्याखाली होती. पाणी त्यांच्या खुणांमधून वर चढत चढत मागच्या वर्षीच्या खुणेपाशी आलं आणि दोन बोटं खाली थांबलं. तिथे किती तरी वेळ तसंच होतं, जरा पण हललं नाही. मी पहिल्यांदा बघितलं ते. इतकी वर्षं माझा नवरा जे बघायला जायचा ते.

मी खूण केली नाही. हा श्रावण नाही. तू सोडलेली जागा मोकळीच राहू दे. माझी खोटी खूण आहे तिथे आहे, ती काढायची का ते तू आल्यावर सांग. डांबराचा डबा घट्ट लावून माळ्यावर ठेवलाय. पुढच्या श्रावणात बीजेला खूण तू करायची. डबा मी धरीन. बांधावर जाऊ देणार नाही असं म्हणणार नाही आता.

तू विचारलंस ते सांगते. जवळ मी होते, पाचही दिवस. गुणवंत येऊन जाऊन होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझा बर्फातला फोटो मागितला आणि म्हणाले, टोपी बरोबर घातली नाही पोरीने, कान उघडा आहे. तिसऱ्या दिवशी फारसं बोलले नाहीत. ३ तारखेला संध्याकाळी शुद्धीत होते. मी पेज नेली होती, अळणी. दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. म्हणाले, "गिरजे, चिमटीभर मीठ टाक." मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. म्हणाले, "चिमटीभर ग. मुकादम हाय मी."

मी म्हटलं, उद्या घालते.

पहाटे गेले.

हे मी गुणवंतला सांगितलं नव्हतं, मंदीला पण नाही. तुझं पत्र ऐकेपर्यंत कोणालाच सांगणार नव्हते. तुला लिहिलेलं सगळं खोटं त्याच्या नंतरचं. पहिलं मी त्यांना बोलले.

काल घरातून निघताना मी डब्यातून मूठभर खडेमीठ पदरात बांधून घेतलं होतं. भरती थांबली तेव्हा गुणवंतला म्हटलं, तिकडे बघ. लोक पाण्यात नारळ सोडतात. मी मीठ सोडलं. समुद्राला मिठाचं काय, पण त्यांनी मागितलं होतं.

कान झाकून घेत जा.

तुझी
गिरिजा आजी